विजयदुर्गावरची दोन मिनिटे

शाबान महिना सरत आला की कोकणच्या किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांत संध्याकाळी सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे लागतात. समुद्राच्या रेषेवर, मावळतीच्या लालीत, रमजानचा चाँद नखाच्या कोरीएवढा दिसतो आणि पाहता पाहता बुडतो. हिजरी १३१५ च्या शाबान अखेरीस मात्र या चंद्राने आधी भर दुपारी दर्शन दिले, तेही काळ्या रूपात. तारीख होती २२ जानेवारी १८९८, वार शनिवार. अमावास्येचा चंद्र माणसाच्या डोळ्यांना दिसतो तो फक्त सूर्यग्रहणात. त्या दिवशी तो सूर्याच्या बरोबर समोर आला, आणि रत्नागिरीच्या दक्षिण किनाऱ्यापासून जेऊर, नागपूरमार्गे पार बिहारपर्यंत एक अरुंद पट्टा दिवसाढवळ्या अंधारला. तोच चंद्र कोर होऊन दिसण्याजोगा झाला दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी. गणिताप्रमाणे त्या वर्षीचा पहिला रोजा सोमवारचा.

त्या शनिवारी विजयदुर्गाच्या किल्ल्यात ६१ वर्षांचा एक इंग्रज शास्त्रज्ञ दुर्बिणी, लोलक आणि छायाचित्रणाच्या काचा मांडून उभा होता. खाली बंदरात ‘मेलपॉमिनी’ नावाची आरमारी बोट नांगरून होती. त्याचे नाव सर जोसेफ नॉर्मन लॉकियर. मालवणपासून सरळ रेषेत मोजले तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर उत्तरेला असलेल्या या किल्ल्यात आजही दगडी चौथरे दाखवतात, ज्यांना लोक ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. ते या साहेबाचे.

कट्ट्यांबरोबर एक गोष्टही सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर यांनी इथूनच सूर्यातला हेलियम शोधला, अशी ती गोष्ट. त्या तारखेला गडावर हेलियम दिवसही साजरा होतो. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण खरी नाही. त्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. शिवाय कोकणात राहणाऱ्याला हे कोणी सांगायची गरज नाही, की श्रावण-भाद्रपदाच्या पावसात सूर्य कधी दिसेल याचा भरवसा धरून कोणी शहाणा माणूस समुद्रकाठी दुर्बीण लावणार नाही. विजयदुर्गाशी लॉकियर यांचे नाते तीस वर्षांनंतरच्या जानेवारीतले आहे. ते नाते कमी मोलाचे नाही. खरे तर विज्ञानाच्या दृष्टीने ते फार रंजक आहे, आणि दंतकथेच्या आड ते झाकून गेले आहे.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ चा, इंग्लंडमधल्या रग्बी गावचा. वडील शल्यचिकित्सक आणि औषधे देणारे, विज्ञानाचे शौकीन. मुलाने मात्र विद्यापीठाचे तोंड पाहिले नाही. एकविसाव्या वर्षी तो लंडनच्या युद्ध खात्यात कारकून म्हणून चिकटला. दिवसा फायली आणि रात्री आकाश, असा हा संसार होता. १८५८ मध्ये विनिफ्रेड जेम्स यांच्याशी लग्न झाले. त्या फ्रेंचमधून विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत आणत. नवऱ्याच्या कीर्तीत या बाईंचा वाटा मोठा, पण तो फारसा कोणी सांगत नाही.

विम्बल्डनच्या घराच्या बागेत सव्वासहा इंची दुर्बीण लागली. १८६२ मध्ये मंगळाची चित्रे काढून लॉकियर यांनी नाव मिळवले. पण त्यांचे मन खरे रमले ते वर्णपटात. तीन वर्षांपूर्वी, १८५९ मध्ये, जर्मनीत किर्शहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले होते की तापलेल्या वायूतून येणारा प्रकाश लोलकातून पाहिला तर ठरावीक जागी ठरावीक रंगाच्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याची ही रेषांची ठेवण वेगळी. मिठाची चिमूट चुलीत टाकली की ज्योत पिवळी होते, ती सोडियममुळे. वर्णपटात तो पिवळा रंग दोन जवळजवळच्या रेषांत येतो. म्हणजे कोट्यवधी मैलांवरच्या सूर्यात काय जळते आहे, हे त्याला हात न लावता सांगता येऊ लागले.

प्रकाशाचे रंग वेगळे करायच्या दोन रीती आहेत. एक लोलकाची. काचेत शिरताना निळा प्रकाश जास्त वाकतो, तांबडा कमी. दुसरी विवर्तनाची. धातूच्या गुळगुळीत पत्र्यावर अगदी जवळजवळ समांतर रेघा ओढल्या की प्रत्येक रेघेपाशी प्रकाशाची लहर पसरते. पसरलेल्या लहरी एकमेकींना भेटतात. काही दिशांना त्या एकमेकींना जोर देतात, काही दिशांना एकमेकींना पुसून टाकतात. जोर देण्याची दिशा प्रत्येक रंगाची निराळी, म्हणून रंग सुटे होतात. जुनी सीडी उन्हात धरली की जे इंद्रधनुष्य दिसते ते याच कारणाने. १८८० च्या दशकात अमेरिकेत हेन्री रोलंड यांनी इंचाला चौदा हजारांहून अधिक रेघा असलेली अशी जालके बनवली आणि वर्णपटातल्या रेषांची मापे एकदम बारीक झाली. लॉकियर यांच्या उमेदीच्या काळात मात्र भिस्त लोलकांवर होती.

सूर्याच्या कडेला ज्वाळा दिसतात, पण त्या काळी त्या फक्त खग्रास ग्रहणात दिसत. एरवी सूर्याच्या झगमगाटात त्या हरवून जातात. १८६६ मध्ये लॉकियर यांना एक साधी युक्ती सुचली. झगमगाट सगळ्या रंगांचा आहे, ज्वाळांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांतला. मग बरेच लोलक लावून वर्णपट लांबच लांब पसरला तर झगमगाट पातळ होईल, पण रेषा तशाच ठळक राहतील. ग्रहणाची वाट पाहायची गरजच नाही. सरकारी अनुदान मिळाले, पण उपकरण बनवणाऱ्यांनी वेळ लावला. ते हाती आले १६ ऑक्टोबर १८६८ रोजी, आणि २० ऑक्टोबरला लॉकियर यांनी ग्रहण नसताना लंडनमधून सूर्याच्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या.

मधल्या काळात ऑगस्टचे ग्रहण होऊन गेले होते. त्याची सावली मराठी मुलखाच्या दक्षिण कडेवरून सरकत गेली. जमखिंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ज्वाळेच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. गुंटूरला फ्रान्सचे ज्यूल जान्सेन होते. त्या रेषा इतक्या ठळक होत्या की उद्याही त्या दिसतील असे जान्सेन यांच्या मनाने घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उघडा असताना त्यांनी त्या पाहिल्याही. त्यांचे पत्र समुद्रमार्गे पॅरिसला पोचायला दोन महिने लागले. लॉकियर यांची बातमीही फ्रेंच अकादमीपुढे त्याच बैठकीत आली. श्रेय कोणाचे यावर भांडण पेटू शकले असते. झाले उलटे. फ्रान्सच्या सरकारने पुढे दोघांच्या चेहऱ्यांचे एकच पदक काढले आणि हे दोघे जन्मभराचे मित्र झाले.

ज्वाळेतली पिवळी रेषा सोडियमची असावी असे बहुतेकांना वाटले होते. लॉकियर यांनी ती मोजली तेव्हा ती सोडियमच्या जोडीपासून थोडी बाजूला निघाली. आजच्या मापात सांगायचे तर सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. एवढासा फरक. रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनला नाना तऱ्हेने तापवून पाहिले, ती रेषा काही उमटेना. पृथ्वीवर कोणी न पाहिलेले मूलद्रव्य सूर्यात आहे, असे म्हणण्याचे धाडस लॉकियर यांनी केले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले जाऊ लागले. रसायनतज्ज्ञ हसले. फ्रँकलंड यांचीही खात्री नव्हती. पुढची २७ वर्षे हेलियम हे जगातले बहुधा सर्वांत संशयास्पद मूलद्रव्य होते. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅमझी यांनी युरेनियमच्या एका खनिजाला आम्लात घातले, निघालेला वायू तपासला, आणि तीच पिवळी रेषा चमकली.

दरम्यान लॉकियर यांनी आणखी एक उद्योग सुरू केला होता. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी त्यांच्या संपादनाखाली ‘नेचर’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. मॅकमिलन प्रकाशनाने तोटा सोसत ते चालवले, आणि लॉकियर पन्नास वर्षे त्याचे संपादक राहिले. स्वभाव तापट, भांडायला तयार, पण शब्दाला पक्के. गोल्फचे वेड इतके, की १८९६ मध्ये गोल्फच्या नियमांवरच्या एका पुस्तकावर सहलेखक म्हणून त्यांचे नाव आहे.

ग्रहणांमागे ते आयुष्यभर धावले. १८७० मध्ये सिसिलीला जाताना बोट खडकावर आपटून फुटली, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर ढगांनी घात केला. १८७१ च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा भारतात आले, केरळातल्या बेकल किल्ल्यावर. १८८२ चे ग्रहण इजिप्तमध्ये नाईलच्या काठी पाहिले. तारीख होती १७ मे, त्यांचा शेहेचाळिसावा वाढदिवस. १८९६ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला आरमाराच्या खलाशांना तालीम देऊन सज्ज केले आणि ऐन वेळी आभाळ भरून आले. म्हणून १८९८ ला भारतातले कोरडे, निरभ्र पौषाचे आकाश त्यांना खुणावत होते.

ग्रहणाशी माणसाचे नाते भीतीचे आणि भक्तीचेही आहे. हिंदू घरांत वेध पाळतात, ग्रहण सुटल्यावर स्नान करतात. मुसलमान ग्रहणाची खास नमाज पढतात. मदिनेत पैगंबर मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. आकाशही रडते आहे, असे लोक म्हणू लागले. मुलाच्या दुःखात बुडालेल्या बापाने लोकांना थांबवले आणि समजावले की कोणाच्या मरणाने किंवा जन्माने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. त्यानंतर चारेकशे वर्षांनी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी ग्रहणातल्या प्रकाशावर एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला. बारीक छिद्रातून आलेल्या सूर्यप्रकाशात ग्रहणाची कोर कशी उमटते, आणि छिद्र मोठे झाले की ती कोर का पुसली जाते, याचा हिशेब त्यात आहे. खंडग्रास ग्रहणात फणसाखाली किंवा आंब्याखाली अंगणात ज्या शेकडो चंद्रकोरी सांडलेल्या दिसतात, त्यांचे कारण हेच. पानांमधली प्रत्येक फट एक छिद्र होते.

विजयदुर्गावर ही कोरच लॉकियर यांच्या कामाची होती. वर्णपटदर्शकाला प्रकाश आत घ्यायला बारीक फट लागते. त्यांनी ती काढूनच टाकली. कॅमेऱ्याच्या तोंडाशी थेट लोलक बसवला. खग्रास होण्याच्या क्षणी चंद्राआडून उरलेली सूर्याची कड केसाएवढी असते. तीच फट. मग काचेवर रेषांऐवजी कमानी उमटतात, प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रत्येक रंगाची एक कमान. किरीटाच्या, म्हणजे सूर्याभोवतीच्या पांढऱ्या प्रभेच्या रंगांची तर पूर्ण वलये. कोणता वायू सूर्यापासून किती उंचीपर्यंत पसरला आहे, हे कमानीच्या लांबी-जाडीवरून कळते. लॉकियर यांचे मदतनीस आल्फ्रेड फाउलर यांना या तंत्राचा हात बसला होता. कलकत्त्याहून प्राध्यापक पेडलर आले होते. ‘मेलपॉमिनी’चे कप्तान चिशम-बॅटन यांनी आपले अधिकारी आणि खलाशी देऊन टाकले. कोणी सेकंद मोजायचे, कोणी किरीटाचे चित्र काढायचे, कोणी काचा बदलायच्या. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. चुकले तर दुरुस्तीला वाव नाही, म्हणून रंगीत तालमी पुन्हा पुन्हा. या वेळी आभाळाने दगा दिला नाही.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपला तळ लावला होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली वेधशाळा त्यांची. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच होते. विदर्भात तळणीला माँडर पती-पत्नी. एका दुपारी महाराष्ट्रात इतके सूर्यवेडे एकत्र जमल्याचे दुसरे उदाहरण नसेल. नायगमवाला यांचे नाव आज पुण्यातही फारसे कोणाला ठाऊक नाही. विजयदुर्गाची गोष्ट सांगताना त्यांची आठवण काढली तर ती अधिक पुरी होईल.

त्या दिवशीच्या काचांवरून जे निघाले ते मजेदार होते. किरीटाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा दिसते, ती १८६९ पासून माहीत होती. तीस वर्षे तिची जागा सुमारे ५३१.७ नॅनोमीटर धरली जात होती, कारण तिथे लोखंडाची एक ओळखीची रेषा आहे. विजयदुर्गच्या आणि त्या ग्रहणाच्या इतर छायाचित्रांवरून कळले की सगळे चुकले होते. रेषा खरी ५३०.३ वर आहे, आणि तिथे ओळखीचे काहीच नाही. त्या अनोळखी द्रव्याला कोरोनियम म्हणत. हेलियमची पुनरावृत्ती होणार असे वाटले, पण पृथ्वीवर कोरोनियम काही सापडेना. उत्तर यायला आणखी चाळीस वर्षे गेली. १९४० च्या आसपास जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एड्लेन यांनी दाखवले की ते लोखंडच आहे, पण आपल्या २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेले. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा लाख अंशांच्या घरातले तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि त्याच्या बाहेरची विरळ प्रभा त्याच्या शेकडो पट तप्त. असे का, यावर आजही संशोधन चालू आहे.

हे उत्तर लॉकियर यांना मिळाले असते तर ते आनंदाने टेबलावर हात आपटून उठले असते. कारण गेली वीस-पंचवीस वर्षे ते याच मुद्द्यावर सगळ्यांशी भांडत होते. त्यांचे म्हणणे असे होते, की एकाच मूलद्रव्याच्या रेषा तापमानाप्रमाणे बदलतात. विजेच्या ठिणगीत काही रेषा जोर धरतात, साध्या ज्योतीत त्या नसतातच. अतितप्त ताऱ्यांत नेमक्या या ‘जोर धरलेल्या’ रेषा दिसतात. म्हणजे उष्णतेने मूलद्रव्य फुटून त्याहून साधे काहीतरी तयार होत असले पाहिजे. अणू म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत तो, ही त्या काळच्या रसायनाची शहादत. लॉकियर यांनी तिलाच आव्हान दिले. टीका इतकी झाली, की हेलियमच्या मानकऱ्याला लोक हट्टी म्हातारा म्हणू लागले.

त्यांचे सगळेच हट्ट बरोबर नव्हते. सूर्यडाग आणि हिंदुस्थानातले दुष्काळ यांचा थेट संबंध आहे, असे त्यांनी १८७७ मध्ये विल्यम हंटर यांच्याबरोबर मांडले. दख्खनमध्ये तेव्हा माणसे उपासमारीने मरत होती. तो संबंध पुढे टिकला नाही. पण त्याच नादात त्यांनी आणि त्यांच्या मुलाने १९०२ मध्ये हवेच्या दाबाचे आकडे जुळवले, तेव्हा हिंदी महासागरावर दाब वाढतो तेव्हा दक्षिण अमेरिकेकडे तो उतरतो, असा झोका दिसला. आज मान्सूनचा अंदाज सांगताना ज्या एल निनोचे नाव घेतात, त्याच्या अभ्यासाचा हा एक जुना धागा. स्टोनहेंजचे वय मात्र त्यांनी सूर्योदयाच्या दिशेवरून काढले आणि ते चुकले.

१९११ मध्ये सरकारने त्यांची साउथ केन्सिंग्टनची सौर वेधशाळा केंब्रिजला हलवायचे ठरवले. लॉकियर जोरात भांडले, हरले, आणि पंचाहत्तरीत डेव्हन परगण्यात सिडमथजवळच्या टेकडीवर स्वतःची नवी वेधशाळा उभारायला घेतली. १९१३ मध्ये कोपनहेगनचे नील्स बोर यांनी सांगितले की अणूतला इलेक्ट्रॉन ठरावीक पायऱ्यांवरच राहू शकतो, एका पायरीवरून दुसरीवर उडी मारतो तेव्हा नेमक्या एका रंगाचा प्रकाश सोडतो किंवा घेतो. पुंज सिद्धांताने वर्णपटाच्या रेषांना पहिल्यांदा कारण दिले. फाउलर यांनी नुकत्याच प्रयोगशाळेत काही रेषा मिळवल्या होत्या आणि त्या हायड्रोजनच्या समजल्या होत्या. बोर म्हणाले, हेलियमच्या, पण एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या. फाउलर यांनी मापातली बारीक तफावत दाखवली. बोर यांनी अणुकेंद्राचे वजन हिशेबात धरून तीही मिटवली, आणि फाउलर यांनी ते मान्य केले. हा वाद ‘नेचर’च्या पानांवरच झाला, आणि संपादक लॉकियर होते.

१९१९ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले. १६ ऑगस्ट १९२० रोजी सिडमथजवळच्या आपल्या घरी ते वारले, वयाच्या ८४ व्या वर्षी.

त्याच वर्षी मार्चमध्ये कलकत्त्याहून मेघनाद साहा या २६ वर्षांच्या प्राध्यापकाने सूर्याच्या वर्णावरणातल्या अणूंवर एक प्रबंध इंग्लंडला पाठवला होता. तापमान आणि दाब यांवरून किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील, याचे सूत्र त्यात होते. लॉकियर यांच्या जोर धरलेल्या रेषा म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या रेषा, हे त्यातून स्पष्ट झाले. अणू फुटत नव्हता, पण त्याचा एक भाग खरोखरच सुटत होता. प्रबंध छापून आला ऑक्टोबरमध्ये, लॉकियर यांच्या दफनानंतर दोन महिन्यांनी. साहा तोवर युरोपला निघाले होते. लंडनला पोचल्यावर त्यांनी ज्या प्रयोगशाळेत काम केले ती फाउलर यांची होती, विजयदुर्गावर लोलक लावून उभे असलेल्या त्याच फाउलर यांची.